तेहतीस अंशांचा कुत्रा

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यातली. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. त्यानंतर कुठल्याही वर्षी मला सगळं आलेलं नाही.

मी हवामान खात्यात निरीक्षक होते. आमचं केंद्र म्हणजे गावाबाहेर तारेचं कुंपण घातलेलं एक मैदान, कोपऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस, त्याला लागून राहायची दोन घरं, आणि मैदानाच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी. पेटीच्या चारही बाजूंना तिरक्या झडपा, आत तापमापी टांगलेल्या. झडपांमुळे ऊन आत शिरत नाही, वारा मात्र खेळतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटे, आम्ही मधमाश्या पाळल्या आहेत! सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला पेटीचं उत्तरेकडचं दार उघडायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि तारेनं मुख्य कार्यालयाला कळवायचा. दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापून येई. हे सगळं करायला आम्ही तिघं: साहेब, मी आणि राखणदार मामा.

साहेबांकडे एक कुत्रा होता. थंड डोंगराळ मुलखातून आणलेला. अंगावर इतकी लोकर, की पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं हे तो चालायला लागल्यावरच समजे. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं. पण माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला बघून "अगं, हा तर गालिचा!" म्हटलं, आणि तेच नाव त्याला चिकटलं. साहेबसुद्धा पुढे तेच म्हणू लागले.

त्या उन्हाळ्यात साहेबांना दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. निघायच्या दिवशी ते कुत्र्याची साखळी घेऊन आमच्या दारात उभे.

"बाई, याला तुमच्याकडे ठेवून जातोय. हिनं वाढवलाय त्याला." त्यांची बायको आदल्याच वर्षी गेली होती. "ती गेल्यापासून घरात मी ज्याच्याशी बोलतो असा हा एकटाच. परत येईन तेव्हा..." ते चष्मा पुसत राहिले.

"अजिबात काळजी करू नका साहेब!" मी म्हटलं. "मी अख्ख्या गावाचं तापमान सांभाळते, एका कुत्र्याचं नाही का सांभाळणार?"

"सांभाळता कुठे बाई? नुसतं लिहून घेता."

साहेब गेले आणि चौथ्या दिवसापासून ऊन असं तापलं, की दाराची कडी फडक्यात धरून काढावी लागे. गालिचा जीभ बाहेर काढून भात्यासारखा धापा टाकायचा. मी हुशार! एक जाड टॉवेल भिजवला आणि त्याच्या पाठीवर घातला. तासाभरानं तो टॉवेल गरम. पुन्हा भिजवला. दुपारी बघते तर गालिचा आडवा, डोळे काचेसारखे, हिरड्या लालभडक.

राखणदार मामांनी त्याला हातगाडीवर घातला. मी एका हातानं छत्री त्याच्यावर धरून पळत होते. माझं डोकं उन्हात होतं, पण साहेबांनी माझं डोकं कुठे माझ्या ताब्यात दिलं होतं?

जनावरांचे डॉक्टर म्हणजे सहा फुटांचा, कायम वैतागलेला माणूस. त्यांनी टॉवेल उचलून कोपऱ्यात भिरकावला.

"हे कोणी केलं? याला काय वाफवायचा होता?"

"थंड करायचा होता."

"एवढ्या लोकरीवर ओला टॉवेल म्हणजे झाकण! आतली उष्णता बाहेर जाणार कुठून?" बोलता बोलता ते त्याच्या पोटावर नि पंजांवर साधं पाणी लावत होते. हात हळू, तोंड फटाक्यांच्या माळेसारखं. "पाणी पोटाला, काखेत, पंजांना. बर्फाचं नाही, साधं. आणि वारा हवा. वारा नसेल तर पाणी तिथंच गरम होऊन बसतं."

"मग लोकर कापून टाकू का?"

"खबरदार! ती लोकर त्याला उन्हापासूनही वाचवते. उद्या कातडी भाजली की आणाल इथंच!"

"डॉक्टर, कुत्र्याला घाम येतो का हो?"

"पंजांना, थोडा. बाकी सगळा कारभार जिभेवर."

"म्हणजे जिभेवरचं पाणी सुकतं, म्हणून..."

"बाई, मागे सात जनावरं रांगेत आहेत!" ते ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, आज उठला. पुन्हा असा पडला तर उठेलच असं मी सांगत नाही. दुपारी रस्त्यावर नेऊ नका. उलटा हात रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला दहापर्यंत मोजवत नसेल तर त्यालाही चालवत नाही."

घरी येताना मी मामांना हातगाडी थांबवायला लावली आणि रस्त्यावर हात टेकवला. तीनपर्यंत मोजलं. सावलीत टेकवला, नऊपर्यंत. मातीवर, गवतावर, पुलाच्या दगडावर... मामा म्हणाले, "ताई, कुत्रा गाडीत आहे. तुम्ही हात का भाजून घेताय?"

पण मला आता चैन पडेना. मी एक कोरी वही काढली आणि गालिच्याच्या नोंदी ठेवायला लागले. दर तासाला तो कुठे जाऊन पडतो? सात ते नऊ, पाण्याच्या टाकीखाली. नऊ ते अकरा, ऑफिसच्या जिन्यामागे. आणि अकरानंतर? अकरानंतर तो मैदान ओलांडून थेट आमच्या पांढऱ्या पेटीखाली जाऊन पडायचा! एवढ्या मोठ्या आवारात त्या प्राण्यानं, कुठलंही सरकारी पुस्तक न वाचता, नेमकी तीच जागा शोधली होती!

बस, मला उजाडलं. आमच्या पेटीत दोन तापमापी शेजारी शेजारी असतात. एक कोरडी. दुसरीच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं. कडक उन्हाळ्यात ओली तापमापी कोरडीपेक्षा वीस वीस अंश खाली असते, कारण पाणी सुकताना थंडावा देतं. जे पाऱ्याला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? गालिच्याला त्या पेटीत घालता येणार नव्हतं, नियमानं यंत्रांच्या आसपास जनावर येता कामा नये. मग दुसरी पेटी करायची! तशीच पांढरी, तशाच झडपा, तसंच उत्तरेकडे दार, पण मोठी. खाली कुत्रा, त्याला शिरायला मागे दार, बाहेरून ओली गोणपाटं, मागून पंखा. आणि किती थंड होतं ते कळावं म्हणून वरच्या कप्प्यात एक जादा तापमापी.

सुतार माप घेताना विचारात पडला. "कबुतरांसाठी का, बाई?"

"कुत्र्यासाठी."

"मग वर हे छोटं दार कशाला?"

"तापमापी वाचायला."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि लाकूड कापायला घेतलं. त्याच्या घरी त्या रात्री माझ्याबद्दल काय बोलणं झालं असेल, याची मला अजूनही उत्सुकता आहे.

राहिला पंखा. घरात एकच टेबलफॅन, आणि तो सासूबाईंच्या पलंगापाशी. सासूबाई कुत्र्याच्या विरोधात होत्या. तशा त्या चार पाय असलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरोधात होत्या. टेबलावरसुद्धा त्यांचा भरवसा नसे.

"आई, पंखा द्याल का? दुपारपुरता."

"कोणाला?"

"गालिच्याला."

"आणि मला येतो तो घाम नाही का? मला लोकर नाही म्हणून मी परकी?"

"आई, तो परत पडला तर उठायचा नाही म्हणालेत डॉक्टर. साहेबांना काय सांगू?"

साहेबांची बायको त्यांच्याकडे रोज संध्याकाळी गप्पा मारायला येत असे. त्यांनी पंख्याची वायर स्वतःच्या हातानं काढली आणि म्हणाल्या, "दुपारपुरता. आणि त्यावर त्याचे केस दिसले तर तू मला धुऊन देशील."

पेटी उभी राहिली. ऑफिसातून लांबलचक वायर ओढून पंखा लावला. गोणपाटं भिजवली. गालिच्यानं आत डोकं घातलं, हुंगलं, दोन गिरक्या घेतल्या आणि धप्पकन अंग टाकलं. बाहेर चव्वेचाळीस, पेटीत तेहतीस! पाच मिनिटांत तो घोरायला लागला. मी मैदानात एकटीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर उभी राहून वरचं गोणपाट बांधत होते. गालिच्याला कृतज्ञता व्यक्त करायची हुक्की आली, आणि त्यानं माझा तळपाय चाटला. मला भयंकर गुदगुल्या होतात! स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. घोटा मोडला. मांडीपर्यंत प्लॅस्टर आणि दहा दिवस पलंगावरून उठायचं नाही.

आता नोंदी कोण घेणार? नेमके त्याच संध्याकाळी आमचे हे परगावाहून परतले. हे शाळेत गणित शिकवायचे, आणि तीन आठवडे परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते. म्हणजे मोठी पेटी त्यांनी पाहिलीच नव्हती. शिवाय त्यांचं आणि गालिच्याचं बोलणं नव्हतं. तो दिसला की हे दुसऱ्या वाटेनं जायचे.

मला वेदना थांबायचं इंजेक्शन दिलेलं. जीभ जड, डोळे मिटत होते. तशात मी सांगितलं, "मैदानात पांढरी पेटी आहे. उत्तरेचं दार उघडायचं. तापमापी वाचायची. कापड ओलं राहिलं पाहिजे, मामा बघतात. शेऱ्याच्या रकान्यात, वेगळं काही दिसलं-ऐकलं तर जसंच्या तसं. बाकीचं... नंतर..."

बाकीचं नंतर राहिलं ते राहिलंच. मी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला डोळे उघडल्या उघडल्या मी विचारलं, "अहो, आज अडीचला किती होतं?"

हे ताठ बसले. "नाही सांगता येणार."

"म्हणजे?"

"तुमच्या नियमावलीत पान अकरावर लिहिलंय. नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वी निरीक्षकानं ती दुसऱ्या कोणासही सांगू नये."

"अहो, निरीक्षक मी आहे!"

"तू सध्या रुग्ण आहेस."

"निदान कालच्यापेक्षा जास्त की कमी, तेवढं तरी?"

"तेही सांगितल्यासारखंच झालं."

असे माझे हे! एक खडू दुसऱ्या खडूपेक्षा लांब असेल तर त्यांना वर्गात शिकवता येत नसे. मी पलंगावर तडफडत पडले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, छताकडे बघून मी अंदाज बांधत होते, आणि खरा आकडा माझ्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसून पान अकरा वाचत होता. पेपरसुद्धा मिळेना, कारण त्यात आकडा असतो आणि रुग्णानं आकड्यांचा विचार करू नये, असं यांचं म्हणणं.

आता या दहा दिवसांत बाहेर काय चाललं होतं, ते मला सगळं नंतर कळलं. हे रोज मैदानात जायचे. तिथं दोन पांढऱ्या पेट्या. एक लहान, एक मोठी. यांनी विचार केला, सरकारी काम आहे, मोठीच असणार! लहान पेटी बहुधा जुनी झाली असावी. मोठीचं वरचं दार उघडलं, तर आत तापमापी. बाहेर कापड ओलं. सगळं सांगितल्याप्रमाणे! आणि खालून येत होता एक घरघर आवाज. यांनी शेरा लिहिला: 'पेटीच्या खालच्या बाजूने घोरल्यासारखा संथ आवाज. कारण अज्ञात.'

आजूबाजूच्या सगळ्या गावांत चव्वेचाळीस, पंचेचाळीस, आणि पेपरात आमच्या गावापुढे तेहतीस! पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी चिडले. तिसऱ्या दिवसापासून मात्र विश्वास ठेवायला लागले. एका कचेरीतल्या वरिष्ठांनी पंखे बंद करायला लावले, 'तेहतीसला पंखा कशाला?' शेजारच्या गावातलं एक सात माणसांचं कुटुंब वळकट्या बांधून थंड हवा खायला आलं आणि स्टेशनावरच घामाघूम होऊन बसलं. तिथं त्यांना कोणीतरी म्हणे सांगितलं, "गावात जा, गावात थंड आहे."

यांना स्वतःला घाम येत नव्हता का? मी नंतर विचारलंच.

"येत होता ना. पण मी आकड्यांवर विश्वास ठेवतो, घामावर नाही."

दहाव्या दिवशी दुपारी सव्वाएकला खिडकीत राखणदार मामांचं तोंड दिसलं. चेहरा उतरलेला.

"ताई, मास्तरांना काहीतरी सांगा. सकाळपासून गोणपाटं भिजवू देत नाहीत. पंखाही बंद केलाय."

मी ताडकन उठून बसले. "काय? का?"

"वरून तार आलीय म्हणे."

"अहो!" मी अशी ओरडले, की प्लॅस्टरला तडा गेला असेल. "अहो, तार कसली?"

हे आले. हातात तार, ओठ मिटलेले.

"पान अकरा तारेला लागू नाही!" मी म्हणाले. "वाचा!"

यांनी क्षणभर विचार केला, आणि पटल्यासारखं वाचलं. "'नोंदी विलक्षण. तपासनीस स्वतः येत आहे. तोवर पेटी व परिसर यांतील कशासही हात लावू नये.' म्हणून मी सगळं आहे तसं ठेवलंय."

"विलक्षण म्हणजे काय? अहो, तुम्ही कुठल्या पेटीतलं वाचताय?"

"मोठ्या."

मी उशी बाजूला भिरकावली.

"अहो... त्यात कुत्रा राहतो!"

हे हळूच खुर्चीवर बसले. "म्हणजे ते घोरणं..."

"तुम्ही घोरणं कळवलंत?"

"जसंच्या तसं. तूच म्हणालीस." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "मामा, तुम्ही रोज बघत होता मला! बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, साहेबांचा कुत्रा आहे, त्याचं तापमान साहेबांना कळवताय," मामा म्हणाले. "मी म्हटलं, बघा, किती जीव आहे मास्तरांचा!"

पण मला हसू येत नव्हतं. मी हिशेब करत होते. सकाळी आठपासून गोणपाट कोरडं. पाच तास. पंखा बंद. कोरड्या गोणपाटांनी झडपा झाकलेली पेटी उन्हात तापते, आणि डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा पडला तर...

"उचला मला!"

"प्लॅस्टर..."

"उचला!"

एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं मामा, मध्ये मी एका पायावर उड्या मारत. मैदानातली माती चटके देत होती. मी मामांच्या हातातली बादली हिसकावून घेतली, तेवढ्यात फाटकातून एक जीप धुरळा उडवत आत शिरली. तीतून चार पेट्या सामान आणि एक काटकुळे, चष्मेवाले गृहस्थ उतरले, आणि हात वर करून धावत सुटले.

"थांबा! कोणी कशाला हात लावू नका! ओतू नका ते पाणी!"

हेच ते तपासनीस. बावीस वर्षं त्यांनी रोज सगळीकडचे आकडे तपासले होते, आणि बावीस वर्षं सगळे आकडे जसे असायला हवे तसेच निघाले होते. आता पहिल्यांदा कुठेतरी काहीतरी वेगळं घडलं होतं. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"जमिनीखाली थंड पाण्याचा प्रवाह असणार! तो आवाज त्याचाच! बाई, तुम्हाला कल्पना नाही, हे केवढं..."

"साहेब, आत कुत्रा आहे!"

"कुठे?"

"प्रवाहाच्या जागी!"

तेवढ्यात पेटीच्या मागून आवाज आला. "ओरडताय काय सगळे? आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा!"

मागे सासूबाई बसल्या होत्या. चार पायांच्या खुर्चीवर! पदर खोचलेला, पायाशी पाण्याचं पातेलं, हातात यांची नियमावली. त्या नियमावलीनं त्या पेटीच्या मागच्या दारातून वारा घालत होत्या. पान अकरा भिजून लोळागोळा झालं होतं.

"आई, तुम्ही केव्हापासून इथं?"

"यानं पंखा बंद केला तेव्हापासून. म्हटलं, का रे? तर म्हणे, हुकूम आहे, कारण सांगता येत नाही. सकाळपासून पोट भिजवतेय, पंजे भिजवतेय. हात गळून गेले बघ माझे."

"पण हात लावायचा नाही असा हुकूम..." हे पुटपुटले.

"मला कुठे आली तार?"

मी गुडघ्यावर टेकून आत वाकले. गालिचा आडवा पडला होता. जीभ बाहेर, पण हिरड्या गुलाबी. मी हाक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. मग त्या लोकरीच्या ढिगाचं कुठलं तरी टोक उचललं गेलं आणि लाकडावर एकदा आपटलं. थप्प.

त्याक्षणी मला रडू फुटलं, आणि मी ते घोट्यावर ढकललं.

तपासनीस शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी आत पाहिलं. गालिच्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची वाट त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना मला दिसली.

"म्हणजे प्रवाह नाही," ते म्हणाले.

"नाही हो."

"हा घोरतो."

"फार."

ते उठले, कोट काढून जीपवर टाकला, माझ्या हातातली बादली घेतली आणि स्वतः गोणपाटांवर ओतली. मामांनी पंखा लावला. मग त्या माणसानं खिशातून घड्याळ काढलं, वरचं दार उघडलं आणि दर पाच मिनिटांनी आकडे लिहायला सुरुवात केली! त्रेचाळीस... एक्केचाळीस... अडतीस... चाळीस मिनिटांत तेहतीस. सासूबाईंना विचारून घेतलं, पाणी किती वेळा, पोटाला किती, पंजांना किती. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं सविस्तर कोणाला उत्तर दिलं.

"वा!" शेवटी ते म्हणाले. "बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचं कारण जागच्या जागी शोधून काढलं. चला, आता खरी पेटी बघू."

लहान पेटीचं दार दहा दिवस कोणी उघडलेलं नव्हतं. आत एक आडवी तापमापी असते, दिवसातलं सर्वांत जास्त तापमान दाखवणारी. ताप बघायच्या तापमापीसारखीच ती. पारा एकदा चढला की चढलेलाच राहतो, आपण झटकून खाली आणेपर्यंत. ती रोज वाचून झटकायची असते. इंजेक्शनच्या गुंगीत मी 'बाकीचं नंतर' म्हटलं होतं, त्यातलं बाकीचं हेच.

तपासनीस वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"सत्तेचाळीस पूर्णांक दोन."

मी उडीच मारली, एका पायावर. "आमच्या केंद्राचा उच्चांक पंचेचाळीस पूर्णांक नऊ आहे! एकोणीसशे एकवीसपासूनचा!"

"मग हा नवा उच्चांक!" ते म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा चमकले. त्यांनी पेन काढलं, वही उघडली. "कुठल्या दिवशीचा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पारा दहा दिवसांत कधीतरी तिथवर चढला होता आणि तसाच बसून राहिला होता.

"मंगळवार असेल," हे म्हणाले. "माझ्या हातातला खडू त्या दिवशी मऊ लागत होता."

"तुम्हाला सुट्टी आहे, खडू कुठला?" मी म्हटलं.

"शुक्रवार," मामा म्हणाले. "त्या दिवशी कुंपणावर एकही पक्षी बसला नाही."

"रविवारी मला झोप लागली नव्हती," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "सोमवारीही."

तपासनीसांनी पेनाला टोपण लावलं. "तारीख नसेल तर नोंद नाही," ते म्हणाले, आणि एवढ्या खिन्न आवाजात म्हणाले, की मीच त्यांची समजूत घालायला लागले.

तपासनीस परत गेले, आणि दहा दिवसांच्या नोंदींवर काट मारली. माझ्यावर ठपका आला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. त्यांनी मात्र 'ओल्या आच्छादनाने बंदिस्त जागेत होणारी तापमानघट' यावर एक लेख लिहिला, त्यात 'एका सजीवाच्या सान्निध्यात' असे शब्द होते. निवृत्तीनंतर त्यांनी कुत्रा पाळला असं ऐकलं. साहेब महिन्याभरानं आले. गालिच्यानं त्यांना असं पाडलं, की चष्मा फुटला, आणि ते जमिनीवर पडल्या पडल्याच त्याच्याशी बोलत राहिले, सगळं दोन महिन्यांचं. गालिचा त्यानंतर पाच उन्हाळे काढून म्हातारपणानं गेला, हिवाळ्यात. जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्यासारख्या पेट्या आणखी चौघांना करून घ्यायला सांगितल्या, आणि सुतारानं पुढे कबुतरांचं विचारणं सोडून दिलं. राखणदार मामा मुलाकडे राहायला गेले. दर उन्हाळ्यात त्यांचं पत्र यायचं, आणि मास्तरांच्या जिवाचं कौतुक ते कायम करत राहिले. खरं काय ते कळलेलं असूनही. सासूबाई ब्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. गालिचा होता तोवर त्यांची दुपारची खुर्ची त्या पेटीमागेच असे. विचारलं तर म्हणायच्या, "माझा पंखा तिथं आहे म्हणून बसते." आमचे हे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. अजून मला घरातलं कुठलंही गुपित सांगत नाहीत. वाढदिवसाला काय आणलंय तेसुद्धा.

आणि मी अजून शोधतेच आहे. त्या दहा दिवसांतले जुने पेपर, शेजारच्या केंद्रांचे आकडे, वाऱ्याच्या दिशा, सगळं तपासून झालं. गुरुवार असावा, असा माझा कयास आहे. खात्याच्या यादीत आमच्या गावाचा उच्चांक अजूनही पंचेचाळीस पूर्णांक नऊच आहे. दर उन्हाळ्यात टीव्हीवर तो आकडा आला, की मी खुर्चीतून उठून सगळ्यांना सांगते, हे चूक आहे, खरा आकडा सत्तेचाळीस पूर्णांक दोन, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय!

नात मोबाइलवरून नजरही न काढता विचारते, "आजी, तारीख?"